नऊ मिनिटांचा रस्ता

मी एक मोटार बोलतेय. फिकट निळी, चार दारांची, गोल डोळ्यांची आणि सध्या तरी चालू. बावीस वर्षं एका जागी उभी राहून पुन्हा रस्त्यावर आलेली गाडी आहे मी, तेव्हा खरं म्हणजे मला मिरवायला हवं. पण मला लाज वाटते. कोणी कौतुकानं थांबून माझ्याकडे पाहिलं, की वाटतं याला खरं काय ते कळलं तर हा काय म्हणेल! म्हणून एकदाचं सगळं सांगून टाकते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. कोणी दार बसवलं, कोणी चाक, कोणी नुसतीच काच पुसली, त्यामुळे माझे आईबाप नेमके कोण हे विचारू नका. माझे पहिले मालक दातांचे डॉक्टर होते. माणूस हसरा, पण हात जड. दाढ उपटावी तसा ते माझा गिअर ओढायचे. सहा वर्षं मी ते सोसलं आणि मग दुसऱ्या घरी आले. ते घर म्हणजेच माझं आयुष्य.

माझे हे दुसरे मालक पाणीपुरवठ्याच्या वर्कशॉपमध्ये भांडारपाल होते. नट, बोल्ट, वॉशर, पाइप, सगळं त्यांच्या ताब्यात. त्यांच्या सहीशिवाय तिथून खिळासुद्धा हलत नसे. असा माणूस घरी आला म्हणून बदलतो थोडाच! घरातल्या टेलिफोनच्या तबकडीला कुलूप, कपाटाला कुलूप, बागेच्या नळाला साखळी आणि कुलूप. लेकीची परीक्षा जवळ आली की रेडिओचं बटण उपटून खिशात घालून कामावर जायचे. आळीतली मुलं त्यांना 'कुलूपकाका' म्हणत. ते त्यांना माहीत होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं.

वर्कशॉपमध्ये त्यांची एक रीत होती. एखादं यंत्र कोणी विचारल्याशिवाय चालवू नये असं वाटलं, की ते त्याला कुलूप लावत नसत. त्याचा एक छोटासा भाग काढून स्वतःजवळ ठेवत. कुलूप दिसलं की माणूस चिडतो, तोडायला बघतो. भाग नसला की तो समजतो, यंत्रच बिघडलंय, आणि गुपचूप निघून जातो. या युक्तीचा मालकांना फार अभिमान होता. मला पुसताना ते स्वतःशीच ही गोष्ट सांगत आणि हसत. तेव्हा मीही हसले असेन. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

मालकीणबाई शिवणकाम करत. पडदे, गाद्यांच्या खोळी, गाड्यांची सीटकव्हरं. मला त्यांनी राखाडी कापडाची कव्हरं शिवली, कडेला निळा गोट. मशिनवर शिवून झालं की शेवटची टीप त्या माझ्यात बसून हातानं घालत. "गाडीला माप गाडीतच कळतं," म्हणत. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारची मागची दारं उघडी टाकायच्या आणि मागच्या सीटवर पाय वर घेऊन शिवत बसायच्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दुपारी त्याच.

आणि लेक. घरात तिला 'उचापती' म्हणत, कारण हातात येईल ते उघडून बघायची तिला खोड. एकोणीस वर्षांची झाली, गाडी चालवायला शिकली, परवानासुद्धा आला. मालक मात्र तिला माझ्या चाकाला हात लावू देईनात. "बघू पुढे," एवढंच म्हणायचे. त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही' हे त्या घरात भिंतींनाही ठाऊक होतं.

एका सोमवारी मालक कामावर गेल्यावर लेकीनं मला बाहेर काढलं. पाण्याच्या टाकीपर्यंत आणि परत, तीन मैल. काय सांगू, चांगली चालवली तिनं! परत आत घालताना तेवढा एक गिअर खरकन वाजला. ती दचकली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "लागलं का गं?" मला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

मालक डॅशबोर्डमध्ये एक चिठ्ठी ठेवायचे. तिच्यावर मैलांचा आकडा लिहिलेला असायचा. संध्याकाळी त्यांनी चिठ्ठी पाहिली, मीटरकडे पाहिलं आणि पुन्हा चिठ्ठीकडे. मला वाटलं, आता घरात रणकंदन होणार. पण ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी शेडमध्ये आले, बॉनेट उघडलं, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीच्या दोन्ही क्लिपा काढल्या आणि आतला रोटर उचलून चष्म्याच्या डबीत ठेवला. मग टोपी होती तशी बसवली.

रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा, डोक्यावर पितळेची एक पट्टी. तो आत गरगर फिरतो आणि एकेका प्लगला ठिणगी वाटतो. तो नसला की स्टार्टर फिरतो, इंजिन घुरघुरतं, पेट्रोलचा वास येतो, पण गाडी काही चालू होत नाही. वर्कशॉपमधली युक्ती घरी आली होती. किल्ली काढून घेतली असती तर लेकीशी भांडण झालं असतं. रोटर काढला की गाडीच बिघडलेली आणि मालक नामानिराळे. रोज सकाळी ते स्वतः बसने जायचे, तेव्हा त्यांचं काहीच अडत नव्हतं.

त्याच आठवड्यातला शुक्रवार होता. भर दुपार. मालकीणबाई माझ्या मागच्या सीटवर बसून शेवटची टीप घालत होत्या. मधेच त्यांची सुई थांबली. मग हात घसरला. त्या काहीतरी म्हणाल्या, पण शब्द नीट फुटला नाही, ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळून गेल्यासारखा झाला. लेक आतून चहा घेऊन आली ती आईकडे बघून जागीच थिजली. मग तिनं कप खाली टाकला, आईला सीटवर आडवं केलं, धावत आत जाऊन किल्ली आणली आणि स्टिअरिंगच्या चाकामागे बसली.

बघा हं. आजारी माणूस आधीच गाडीत. चालवणारी चाकामागे. दवाखाना सरळ रस्त्यावर. फक्त मी चालू व्हायचं बाकी होतं.

लेकीनं किल्ली फिरवली. मी घुरघुरले. पुन्हा फिरवली. पुन्हा. "ए, हो ना चालू! हो ना गं!" ती ओरडत होती. मी जीव तोडून फिरत होते, पण ठिणगी आणणार कुठून? तिनं बॉनेट उघडलं, हाताला येईल ती वायर दाबून पाहिली, परत आली. बॅटरी हळूहळू बसत गेली. शेवटी नुसतं टिक, टिक, एवढंच. टेलिफोनला कुलूप होतं. लेक अनवाणी रस्त्यावर धावली. कुठूनसं एक वाहन मिळून मालकीणबाईंना माझ्यातून उचलून नेईपर्यंत पाऊण तास गेला होता.

त्या जगल्या. पण उजवा हात गेला आणि बोलणं अडखळत राहिलं. डॉक्टर म्हणाले, थोडं लवकर आणलं असतं तर बरं झालं असतं. ते लेकीसमोर म्हणाले.

हे मला कसं कळलं? त्याच संध्याकाळी बाप-लेक कपडे न्यायला घरी आले तेव्हा. लेक शेडमध्ये आली, माझ्या चाकापाशी मटकन बसली आणि रडत म्हणाली, "बाबा, माझ्यामुळे झालं. सोमवारी मी गाडी नेली होती, तुम्हाला न विचारता. गिअर वाजला होता. मीच बिघडवली. आईला मीच…"

मालकांचा हात खिशाकडे गेला. चष्म्याच्या डबीवर जाऊन थांबला. मला वाटलं, आता काढतील, आता सांगतील. मी वाट पाहिली. लेकीचे हुंदके थांबले तरी वाट पाहिली.

मालकांनी हात खिशातून काढला, तिच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "झालं ते झालं. मी तुला माफ केलं."

शब्दशः हेच म्हणाले. चूक स्वतःची आणि माफी लेकीला! त्या क्षणी मला टाहो फोडावासा वाटला. हॉर्न होता माझ्याकडे, पण बॅटरी बसलेली. आणि खरं सांगू? बॅटरी असती तरी आपला हॉर्न आपल्याला कुठे वाजवता येतो!

रोटर परत बसवणं त्यांना सोपं होतं. दोन क्लिपा, एक टिचकी. पण मग मी चालू झाले असते आणि घरानं विचारलं असतं, मग त्या दिवशी का नाही झाली? म्हणून मी बंद राहणंच भाग होतं. कोणी मेकॅनिकचं नाव काढलं की मालक अंगावर येत. "धोका दिलेली गाडी आहे ती. हात लावायचा नाही तिला कोणी." सगळं खापर माझ्यावर आणि लेकीवर फुटलं. लेक दूरच्या गावी नोकरीला गेली, कपड्यांच्या कारखान्यात शिलाई मशिनं दुरुस्त करायला. तिथे म्हणे तिच्यासारखा हात कोणाचा नाही. पण गाडीच्या चाकामागे ती पुन्हा कधी बसली नाही. घरी आली तरी शेडकडे पाठ करून चालायची.

बावीस वर्षं गेली. टायर बसले. ब्रेक ड्रमला चिकटले. एअर फिल्टरमध्ये उंदरांच्या चार पिढ्या नांदल्या. मागच्या सीटवर ती सुई तशीच खोचलेली होती, दोऱ्यासकट.

मग या वर्षी शेडचा पत्रा एका कोपऱ्यात खाली आला आणि मालकांनी भंगारवाल्याला बोलावलं. तो माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "उद्या गॅसकटर घेऊन येतो. तासाभराचं काम आहे." मालकांना किती हलकं वाटलं ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. मी तुकडे होऊन गेले की आतली रोटरची रिकामी जागाही जाणार होती. पण ओसरीत बसलेल्या मालकीणबाईंनी डावा हात उचलला आणि एकच शब्द म्हटला, "नाही."

लेक त्या दिवशी रजेवर घरी होती. आईकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी करते चालू. इथेच, घरी."

"तुला जमणार नाही," मालक म्हणाले. "गंजलीय सगळी."

"बघू पुढे," लेक म्हणाली. मालकीणबाईंच्या ओठाचा चालता कोपरा हलला.

तेव्हापासून दर रविवारी लेक यायची. पहिल्यांदा तिनं माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "सॉरी गं," असं ती हळूच म्हणाली. मला! माझी मान शरमेनं खाली गेली असती, पण पुढचे टायर आधीच बसलेले होते.

तिनं टाकीतलं आंबलेलं पेट्रोल काढलं. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं, आठ दिवस मुरू दिलं आणि हँडल घालून इंजिन इंचाइंचानं फिरवलं. कार्बोरेटर सुटा करून जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून ब्रशनं घासला. ब्रेक सोडवले, नवे लायनर घातले. उंदरांचं घरटं तिनं हलक्या हातानं उचलून बाहेर कुंपणापाशी नेऊन ठेवलं.

मालक आधी शेडकडे फिरकत नव्हते. मग दारात खुर्ची टाकून बसू लागले. मग त्यांच्यातला भांडारपाल जागा झाला. पाने आकारानुसार मांडून ठेवले, सुटलेल्या बोल्टांना डब्या केल्या. "चौदाचा द्या," लेकीनं म्हणायच्या आत चौदाचा पाना पुढे. बाप-लेक इतकं एकत्र कधी बसलेच नव्हते. पण दर रविवारी निघताना ते विचारायचे, "आता काय राहिलं?" आणि काम संपत आलं तसं त्यांना भलतंच सुचू लागलं. "आधी रंग काढ." "सीटं तरी बदल." एका रविवारी तर प्लगचा पाना सापडेचना. तो त्यांच्याच उशाखाली होता. संध्याकाळी गादी झटकताना मालकीणबाईंना सापडला, त्यांनी तो मुकाट्यानं लेकीला आणून दिला.

शेवटी तो रविवार आला. नवी बॅटरी, ताजं पेट्रोल. लेकीनं किल्ली फिरवली. मी घुरघुरले. पुन्हा. पुन्हा. बावीस वर्षांपूर्वीचाच आवाज. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण आता ती शिकलेली होती. उतरली, प्लग काढून पाहिला. ठिणगी नाही. मग तिनं डिस्ट्रिब्युटरच्या क्लिपा काढल्या आणि टोपी उचलली.

"रोटरच नाहीये," ती म्हणाली.

"पडला असेल कुठेतरी," खुर्चीतून मालक म्हणाले.

"हा पडत नाही, बाबा. टोपी घट्ट बसलेली होती. कोणीतरी हातानं काढलाय." ती आतल्या रिकाम्या दांड्याकडे बघत राहिली. मग तिचा आवाज बदलला. "त्या दिवशी बॉनेट मीच उघडलं होतं. काय काय ओढलं, काही आठवत नाही. म्हणजे तेव्हा साधं काहीतरी बिघडलं असेल आणि मी घाबरून हा काढून कुठेतरी फेकला… बाबा, म्हणजे दुसऱ्यांदाही मीच."

पाना तिच्या हातातून खाली पडला. मालक उठले. मला वाटलं, हेही गिळून आत निघून जातील. गेलेही. पण परत आले. त्यांच्या हातात जुनी चष्म्याची डबी होती.

"उचापती," ते म्हणाले, "तू काही केलं नव्हतंस. कधीच."

त्यांनी डबी उघडली. आत मखमलीवर माझा रोटर. मी नखशिखान्त गंजले होते आणि त्याची पितळेची पट्टी मात्र लखलखत होती. म्हणजे ते अधूनमधून काढून पुसत असणार. कुणाला ठाऊक, एकटे बसून काय विचार करत असतील!

"सोमवारी तू गाडी नेलीस ते मला कळलं होतं. मंगळवारी मी हा काढला. तुला अद्दल घडवायला. तुझ्या आईच्या वेळी हा माझ्या खिशात होता."

लेकीनं डबी त्यांच्या हातातून घेतली. मग म्हणाली, "मी इथे बसून रडत होते."

"हो."

"तेव्हाही खिशात होता?"

"हो."

"आणि तुम्ही मला माफ केलंत."

ऐंशीला टेकलेला तो माणूस शेडच्या दारात शाळेतल्या पोरासारखा उभा होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांचीच लाज माझ्या अंगावर चढली, कारण ती त्यांनी माझ्याच पोटात लपवली होती.

लेकीनं डबी मिटवून त्यांच्या हातात परत दिली. "आईला सांगा. तुम्ही स्वतः. मग हा घेऊन या. तोवर मी इथे आहे."

ते आत गेले. लेक बारीक पॉलिश पेपर घेऊन माझे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासत बसली. दोन मिनिटांत घासून झाले होते, तरी घासत राहिली. आतून काही ऐकू येत नव्हतं. ना रडणं, ना ओरडणं.

मग काठीचा आवाज आला. मालकीणबाई पुढे, मालक मागे. बाई माझ्यापाशी आल्या, मागचं दार डाव्या हातानं उघडलं आणि त्याच जागी बसल्या. सीटच्या कडेला खोचलेली सुई त्यांच्या बोटांना लागली. ती त्यांनी तिथेच राहू दिली.

"बसवा," त्या मालकांना म्हणाल्या. "तुम्ही. हातानं."

मालक वाकले. रोटर दांड्यावर बसेना. लेक बाजूला उभी होती, पण तिनं मदत केली नाही. तिसऱ्या खेपेला तो खट्कन बसला. टोपी, दोन क्लिपा. लेकीनं किल्ली फिरवली.

आणि मी दुसऱ्या फेऱ्यात चालू झाले.

याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. थोडं खोकायचं होतं, धूर सोडायचा होता, दहा वेळा नाटक करायचं होतं. म्हणजे निदान वाटलं असतं की माझ्यातही काही मोठा दोष होता. पण छे! मी अशी चालू झाले की जणू कालच बंद केलेली. किती छोट्या गोष्टीवर सगळं अडलं होतं हे त्या तिघांनाही त्या आवाजात ऐकू आलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मालकांनी तोंड फिरवलं.

"दार लावा," मालकीणबाई म्हणाल्या. "बसा इकडे. जायचंय."

"कुठे, आई?"

"दवाखान्यात."

लेकीनं आरशातून मागे पाहिलं. मालकीणबाई घड्याळ मालकांना दाखवत होत्या. तिनं काही न विचारता गिअर टाकला. गिअर वाजला नाही. कोपऱ्यावरचं दुकान, शाळेची भिंत, पाण्याच्या टाकीकडे जाणारा फाटा, पूल. सरळ रस्ता. लेक हळू चालवत होती, दोन्ही हात चाकावर घट्ट. मागे नवरा-बायको शेजारी शेजारी. दवाखान्याच्या फाटकापाशी ती थांबली. मालकीणबाईंनी डाव्या मनगटावरचं घड्याळ पुन्हा मालकांसमोर धरलं.

"किती?"

मालकांचा चष्मा घरी राहिला होता. डबी मात्र जवळ होती, रिकामी. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि पुटपुटले, "नऊ मिनिटं."

"नऊ," बाई म्हणाल्या. थोड्या वेळानं लेकीकडे बघून म्हणाल्या, "छान चालवतेस."

लेकीनं चाकावर डोकं टेकलं. बावीस वर्षांनी ती पुन्हा माझ्यापाशी रडत होती, पण या वेळी तिच्या डोक्यावर आलेला हात आईचा होता, मागून, डावा.

आता माझी किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला उघड्यावर टांगलेली असते. घरात कशालाच कुलूप नाही. मालक रोज सकाळी मला पुसतात, पण बॉनेटपाशी आले की दोन्ही हात मागे बांधतात. आपल्यालाच आपल्या हातांचा भरवसा नसल्यासारखे. दर रविवारी आम्ही त्याच रस्त्यानं फाटकापर्यंत जाऊन येतो. लेक अजून वडिलांशी मोजकंच बोलते. "चौदाचा द्या" एवढं म्हणते. ते देतात. बाई मागच्या सीटवर असतात. ती अर्धी टीप कोणी पुरी करत नाही, करू नये असं मलाही वाटतं.

तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्याही घरात एखादी वस्तू वर्षानुवर्षं बंद पडून असेल, आणि तिच्यावर आणि एखाद्या माणसावर सगळ्यांनी मिळून दोष ठेवलेला असेल. तिला भंगारात घालण्याआधी एकदा उघडून बघा. आणि तिचा तुकडा तुमच्याच खिशात असेल, तर आज काढा. मला बोलता येत नव्हतं म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला समजावते. ज्यांना बोलता येतं त्यांनी मात्र माझ्यासारखी वाट पाहू नये.

रस्त्यात कधी एक निळी जुनी गाडी अगदी सावकाश जाताना दिसली, तर हॉर्न वाजवू नका. बाजूनं निघून जा. मागच्या सीटवर एक म्हातारा मान खाली घालून बसलेला दिसेल. तो मिनिटं मोजतोय.